जुन्या नोकरीचा पीएफ
आपल्या मुळशीतल्या कितीजणी पिरंगुटला कारखान्यात, हिंजवडीला साफसफाईच्या कामाला जातो. ठेकेदार बदलला की नोकरी बदलते. मग जुन्या पीएफचं काय?

१९५२ च्या कायद्यानं कामगारांना पीएफ मिळाला. १९९५ मध्ये त्याला पेन्शन जोडली गेली. पण दर नोकरीला नवा नंबर, जुना मागे राही. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला पैसे लगेच काढता येत. इतरांना दोन महिने थांबावं लागे. सवलत खरी, पण पेन्शनचेही पैसे काढले की कामाची तेवढी वर्षं पुसली जात. आणि पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात!

२०१४ पासून एकच यूएएन नंबर आला. नव्या जागी तोच सांगू या, जुनं खातं जोडून घेऊ या. वर्षं आपल्या कष्टाची आहेत.