पास्कल ते पॉवर स्टिअरिंग: एका होज पाइपचा इतिहास



"रिसर्च गॅप नेमका कसा ओळखायचा?" हा प्रश्न पीएचडीची तयारी करणारे बरेचजण विचारतात. आज त्याचं उत्तर एका फुटलेल्या होज पाइपच्या मदतीने शोधूया.

नवेगाव बांधला माझ्या मामाजींकडे पॉवर स्टिअरिंगचा जुना ट्रॅक्टर आहे. ऐन रोवणीचे दिवस होते. पऱ्हे तयार, बांधीत पाणी, चिखलणी अर्धी झालेली, आणि अचानक स्टिअरिंग जड झालं. पुढच्या चाकाजवळ तेलाचा ओघळ दिसत होता. गळती कुठे आहे ते बघायला मामाजी चालू इंजिनवरच होजवरून हात फिरवायला निघाले. "हात लावू नका!" मी ओरडलेच.

का ओरडले? या होजमध्ये तेलाचा दाब १०० बारच्या पुढे जाऊ शकतो. नवेगावचा तलाव तुम्हाला माहीत असेल. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. पाण्यात १० मीटर खोल गेलं की दाब साधारण १ बारने वाढतो. म्हणजे १०० बार हा सुमारे १००० मीटर खोल पाण्याखालचा दाब झाला. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून इतक्या दाबाने निघालेलं तेल थेट कातडीत शिरतं. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, पण काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागू शकतं. डिझेल इंजिनातल्या इंधनाने झालेली अशी इजा १९३७ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली होती. म्हणून गळती शोधताना पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा, हात कधीच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलचं तत्त्व १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आलं. त्यावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट जोसेफ ब्रामाने घेतलं १७९५ मध्ये. मधली १३२ वर्षं काय झालं? तत्त्व कागदावर होतं, पण सरकणाऱ्या दट्ट्याच्या कडेने पाणी गळू न देणं अवघड होतं. दाब वाढला की आपोआप घट्ट बसणाऱ्या चामड्याच्या पट्टीने ते साधलं. तिचं श्रेय बहुधा ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेला देतात.

पुढची अडचण वेगळी होती. प्रेस एका जागी उभा असतो, त्याला लोखंडी पाइप चालतो. ट्रॅक्टरचं चाक वळतं, एक्सल हलतो, तिथे वाकणारी नळी लागते. साधं रबर वाकतं, पण खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. तेलाला टिकणारी कृत्रिम रबरं १९३० च्या दशकात आली: अमेरिकेत निओप्रीन, जर्मनीत नायट्राइल.

मग लगेच पॉवर स्टिअरिंग सगळीकडे आलं का? तसंही नाही. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्येच ते मोटारीवर चालवून दाखवलं होतं. पण खर्च जास्त, त्यात महामंदी. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी गाड्यांत वापरलं गेलं आणि सर्वसामान्यांना विकत मिळणाऱ्या मोटारीत आलं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या. आपल्याकडे १९५९ मध्ये फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, तेव्हा चाक हाताच्या जोरावरच वळवायचं होतं. पॉवर स्टिअरिंग सर्रास दिसायला पुढची काही दशकं गेली.

हा सगळा इतिहास होज बदलताना उपयोगी पडला. मामाजींनी आणलेला पाइप दिसायला जुन्यासारखाच होता, पण तो तेल टाकीकडे परत नेणाऱ्या कमी दाबाच्या लाइनचा निघाला. फरक आतल्या तारेच्या जाळीत असतो. ३/८ इंची आर-१ होजमध्ये एक जाळी असते आणि तो सुमारे १८० बारवर चालतो. दोन जाळ्यांचा आर-२ सुमारे ३३० बारवर. जाळीची तार साधारण ५४.७ अंशात विणतात, कारण नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो. या कोनाच्या टॅनचा वर्ग करून बघा, २ येतो! ग्रेड, दाब असा तपशील होजवर छापलेला असतो. ती ओळ वाचायची सवय लावा.

बाकी काम सरळ आहे. इंजिन बंद करून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायचं, म्हणजे उरलेला दाब उतरतो. जुना होज कुठून कसा गेला होता त्याचा फोटो काढायचा. लांबी, आतला व्यास, नटचे आटे जुळवायचे. दोन पाने लावून नट सोडायचा, म्हणजे समोरचं फिटिंग पिळत नाही. नवा होज पीळ न देता बसवायचा. तेल भरून, पुढची चाकं उचलून, इंजिन कमी वेगावर ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, म्हणजे हवा निघते. मग तेलाची पातळी पुन्हा बघायची.

आम्ही योग्य ग्रेडचा होज आणला. दुपारपर्यंत ट्रॅक्टर बांधीत उतरला आणि मामाजींची दहाही बोटं शाबूत राहिली.

आता तुमच्या विषयाकडे वळा. एखादी कल्पना जुनी असून वापरात उशिरा आली असेल, तर "कुणाला सुचलंच नाही" असं लिहून मोकळे होऊ नका. कधी गळती थांबवणारी पट्टी नसते, कधी रबर नसतं, कधी पैसा नसतो. प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय अडलं होतं ते शोधा. आज कुठे अडलंय ते सापडलं, की तोच तुमचा रिसर्च गॅप.

तुमच्या विषयात कुठे अडलंय? कळवा नक्की.