बोटीत सोनं, फडताळात जन्म

12 डिसेंबर 1961. मुरगाव बंदरातून ‘इंडिया’ ही पोर्तुगीज बोट सुटते. सोय 380 उतारूंची, चढलेत सातशेच्या घरात, बहुतेक युरोपीयांची बायकापोरं. गोवेकरांनी बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गहाण टाकलेले दागिनेही गोवामुक्तीच्या तोंडावर लिस्बनला गेले. ते परत यायला 1991 उजाडलं.

14 डिसेंबर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची तार: शरणागती नाही, लढून मरा. गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा यांच्याकडे एकही लढाऊ विमान नाही.

18 डिसेंबर, पहाट. डिचोली, शापोरा, अस्नोड्याचे पूल पोर्तुगीजच उडवतात. दोडामार्गाकडून ब्रिगेडियर सगत सिंगांची भारतीय पॅराशूट ब्रिगेड गोव्यात शिरते.

सकाळी सातच्या सुमारास. पुण्याहून उडालेली बारा कॅनबेरा विमानं दाबोळीची धावपट्टी फोडतात. बांबोळीचं रेडिओ केंद्रही कोसळतं.

दुपार. ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका भारतीय ‘बेटवा’ आणि ‘ब्यास’च्या माऱ्यापुढे किनाऱ्यावर चढवली जाते.

रात्र. धावपट्टीचे खड्डे घाईघाईने बुजवून दोन प्रवासी विमानं अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन कराचीकडे निसटतात. भार हलका करायला खुर्च्यासुद्धा उपटून टाकल्या होत्या, तिथे सरकारी दप्तराला कुठून जागा मिळणार? 1914 पासून सक्तीने भरलेली जन्म, विवाह, मृत्यूची पुस्तकं गोव्यातच राहिली. सगळं बेचिराख करण्याचा लिस्बनचा हुकूम गव्हर्नरांनी पाळला नाही. मायदेशी त्यांना लष्करातून बडतर्फ केलं. माझ्या मते तो हुकूम न पाळणं हेच त्यांच्या हातून झालेलं सगळ्यांत शहाणपणाचं काम.

19 डिसेंबर, सकाळ. शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान मांडवी ओलांडून पणजीत.

रात्री साडेआठ. वास्कोत शरणागतीवर सही. पोर्तुगीज राजवटीची 451 वर्षं संपली.

माणसांची वर्गवारी पुढे सुरू झाली. 28 मार्च 1962 च्या केंद्रीय आदेशाने, जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप, आजीआजोबा 20 डिसेंबर 1961 पूर्वी या मुलखात जन्मले, तो भारतीय ठरला. नको असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं. पुरावा कुठला? तीच पोर्तुगीज पुस्तकं. आणि गंमत बघा, 1974 च्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केल्यानंतरही त्याच नोंदींचा उतारा लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत चढवून गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट काढतात, आणि भारतीय नागरिकत्व गमावतात.

महिन्याभराच्या मुदतीत ‘नको’ म्हणणाऱ्यांत पाद्री सेबास्तियांव मोंतेरो होते. जन्मगावीच ते परदेशी झाले, राहण्याचा परवाना घेतला. 1964 मध्ये तो संपला. नूतनीकरणाचा अर्ज केला नाही, देश सोडण्याचा हुकूमही मानला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जीनिव्हा कराराचा आधार मागितला. व्याप्त प्रदेशातून रहिवाशांना हाकलता येत नाही, असा मुद्दा होता. न्यायालयाने 1969 मध्ये सांगितलं, गोवा आता व्याप्त प्रदेश नाही, भारतच आहे. तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड कायम राहिला.