वसईच्या आजीचा नाताळ : घरातील परंपरा आणि श्रद्धेचा वारसा

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ जन्म, जन्मासंबंधीचा. इ. स. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्या काळात येथील ख्रिस्ती समाजात रुजलेले अनेक शब्द, पदार्थ व रीती आजही टिकून आहेत. मंदिरातील उपासना धर्मगुरूंच्या पौरोहित्याखाली होते. घरातील नाताळाचे पौरोहित्य मात्र पिढ्यान्‌पिढ्या आजीने केले आहे.

आगमनकाळाची तयारी

ख्रिस्तजन्मापूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. हा प्रतीक्षेचा व आत्मपरीक्षणाचा काळ असून त्यात धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात. आजीच्या घरी या काळाची खूण म्हणजे सायंकाळची जपमाळ. आल्तारीसमोर दिवा लावून सारे कुटुंब गुडघे टेकी. प्रार्थना संपल्यावर लहानांनी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यावा, हा दंडक होता.

नाताळाच्या आदल्या दिवशी आजी उपवास करी. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार त्या दिवशी उपवास व मांसवर्जन विहित होते. पोप सहावे पॉल ह्यांनी १९६६ साली उपवासाच्या नियमांची फेररचना केली व हे बंधन उरले नाही. तरीही अनेक वृद्ध स्त्रियांनी तो उपवास स्वेच्छेने पाळला. फराळाचे डबे भरलेले असतानाही मुलांनी मिस्सा होईपर्यंत त्यांस हात लावू नये, या आजीच्या शिस्तीचे मूळ येथे आहे.

गोठा

असिसीकार संत फ्रान्सिस ह्यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी ख्रिस्तजन्माचा देखावा उभारला आणि गोठ्याच्या परंपरेस मोठी चालना मिळाली. आपल्याकडे गोठ्याला शेतीची जोड मिळाली. भाताचा पेंढा, बांबूच्या कामट्या आणि सणाच्या काही दिवस आधी पेरलेल्या नाचणीचे किंवा गव्हाचे कोवळे अंकुर यांनी गोठा सजतो. बाळ येशूची मूर्ती मात्र ख्रिस्तजन्माच्या रात्रीच गव्हाणीत ठेवायची. तोपर्यंत गव्हाण रिकामी. प्रतीक्षा म्हणजे काय, हे मुलांना त्या रिकाम्या गव्हाणीने शिकविले.

फराळ

नाताळाचा फराळ ही एकट्या गृहिणीची जबाबदारी नव्हती. करंज्यांसाठी खोबरे खोवणे आणि कलकलांसाठी पीठ मळणे, ही कामे शेजारणी एकत्र बसून करीत. कलकल करताना पिठाची छोटी गोळी काट्यावर किंवा स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळतात. त्यामुळे तिच्यावर शिंपल्यासारख्या रेषा उमटतात. हे काम मुलांकडे असे. दोदोल करायचा तर तांदळाचे पीठ, नारळाचे दूध व गूळ तासन्‌तास ढवळावे लागे. फुगे व सान्ने यांचे पीठ पूर्वी ताडीने आंबवीत. ‘इंद्याल’ या आंबट-तिखट मांसाहारी पदार्थातील सिरका व लसूण पोर्तुगीज पाकपरंपरेची आठवण देतात.

पहिले ताट हिंदू व मुस्लिम शेजाऱ्यांकडे जाई. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे गोडधोड होत नसे, म्हणून आजी तिकडे आवर्जून फराळ पाठवी. सणाच्या दिवशी दुःखी घर एकटे पडू नये, हा त्यामागील विचार.

बदललेला काळ

नाताळाच्या तीन मिस्सा मध्यरात्री, पहाटे व दिवसा अशा अर्पण करण्याची परंपरा आहे. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली लागू झाल्यापासून रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि अनेक ठिकाणी रात्रीची मिस्सा लवकर होऊ लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा सुरू झाली, तेव्हा आजीला उपासनेतील शब्द समजू लागले. हा बदल तिच्या श्रद्धेला पोषकच ठरला.

घरातील बदल मात्र चिंतेचा आहे. फराळ विकत मिळतो. मुले-नातवंडे आखातात वा पाश्चात्त्य देशांत असतात. सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांतील कादोडी बोली अनेक नातवंडांना समजते, पण बोलता येत नाही. आजी गेली की तिच्या बोलीतील प्रार्थना, गाणी आणि हातचे माप तिच्याबरोबर जाते, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नसते.

आपले कर्तव्य

संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तीमथ्याची आजी लोईस हिच्या विश्वासाचा आदराने उल्लेख केला आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी, प्रभू येशूचे आजी-आजोबा संत अॅना व योआखिम यांच्या २६ जुलैच्या सणाच्या सुमारास साजरा होतो.

प्रत्येक कुटुंबाने या आगमनकाळात एक संध्याकाळ आजीसाठी राखून ठेवावी. तिच्या प्रार्थना ध्वनिमुद्रित कराव्यात, पदार्थांची कृती तिच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि एक तरी पदार्थ तिच्याशेजारी बसून करावा. परदेशातील नातवंडांनी जपमाळेच्या वेळी दूरध्वनीवरून तिच्या प्रार्थनेत सहभागी व्हावे. ज्या घरी आजी एकटीच आहे, तेथे शेजाऱ्यांनी फराळाचे ताट घेऊन जावे व थोडा वेळ बसावे. बेथलेहेमात ज्या बाळाला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याचे स्वागत यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने कसे करता येईल?