देवळाच्या भिंतीतील पाटी



जीर्णोद्धारासाठी देवळाची जुनी ओवरी उतरविली तेव्हा भिंतीतील संगमरवरी पाटी कारागिरांनी जपून काढून ठेवली. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून किती माणसे गेली व किती कामी आली, एवढेच तिच्यावर इंग्रजीत कोरले आहे. अशा पाट्या पुणे, सातारा, रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत आहेत. ही माणसे कशास सामोरी गेली, हे तरुण पिढीस कळावे म्हणून हा अल्प प्रयत्न.

त्या युद्धात पुण्याचे नाव गाजले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. हिंदी फौजेची सहावी, म्हणजे ‘पुणे डिव्हिजन’, नोव्हेंबर १९१४ मध्ये आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरू लागली. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. बसरा, अमारा, कूत घेत फौज बगदादच्या वेशीपर्यंत गेली. पण तेसिफोनच्या लढाईत ४,००० हून अधिक माणसे ठार वा जखमी झाली आणि तिला कूत येथे परतावे लागले. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा दिला.

धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. उपासमार होत असताही आपल्याकडील पुष्कळ शिपायांनी ते मांस धर्मभावनेने नाकारले. ते खाण्यास हरकत नाही, असे निरोप हिंदुस्थानातून बिनतारी यंत्राने गेले. अखेर विमानांतून पिठाची पोती टाकली, तीही पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून पायी नेले. अनेकांना रेल्वेच्या कामास जुंपले. हजारो परतलेच नाहीत. ११७ व्या पलटणीस १९२१ साली ‘रॉयल’ किताब मिळाला.

परंतु १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभारले त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच. आपल्या पाटीवरही आकडेच आहेत.

प्रस्तुत लेखक तालुका कचेरीत कारकून आहे. वारसनोंदीत नाव राहिले नाही तर माणूस जणू नव्हताच, हे तो रोज पाहतो. तरी ज्यांच्या घरी जुने पेन्शनचे कागद, पदक अगर वडीलधाऱ्यांची आठवण असेल, त्यांनी जीर्णोद्धार समितीकडे कळवावे. पाटी नव्या ओवरीत बसवताना तिच्याखाली नावांचा दगडही बसावा, ही नम्र विनंती.