सांस्कृतिक धुरीणत्व आणि मूलगामी चळवळीच्या मर्यादा : मुंबईची गिरणी कामगार चळवळ (१९२८-१९७०)

प्रस्तावना

मूलगामी राजकीय चळवळी का ओसरतात, याचे उत्तर बहुधा शासनाची दडपशाही किंवा नेतृत्वातील फूट यांत शोधले जाते. इटालियन विचारवंत अंतोनिओ ग्रामची (१८९१-१९३७) याने तुरुंगात लिहिलेल्या टिपणवह्यांतून या प्रश्नाला निराळे वळण दिले. सत्ता केवळ बळावर टिकत नाही. शाळा, धर्मसंस्था, वृत्तपत्रे व रूढी यांतून घडलेल्या लोकसंमतीचाही तिला आधार असतो. या संमतीतून लाभणारे वर्चस्व म्हणजे धुरीणत्व. या संकल्पनेच्या आधारे मुंबईच्या गिरणी कामगार चळवळीच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१९२८ चा संप

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईतील सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. संपकाळातच गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली व वर्षअखेर तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. इतका दीर्घ संप टिकला तो केवळ नेतृत्वाच्या बळावर नव्हे. वाण्याची उधारी, गाववाल्यांच्या खोल्या, नातेसंबंध आणि कोकण-घाटावरील शेतीचा आसरा यांनी कामगारांना तारले. मात्र हे आधार बऱ्याच अंशी जात आणि गाव यांच्या चौकटीतच उभे होते.

या चौकटीचे प्रतिबिंब गिरणीतही पडले होते. अधिक मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी बसवल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळ होईल, अशी सवर्ण कामगारांची धारणा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला. मालकाविरुद्ध एकत्र लढणारा कामगार शेजारच्या कामगाराला साच्यापासून दूर ठेवत होता, हा विरोधाभास वर्गाच्या परिभाषेत मावणारा नव्हता.

अन्य कारणे व प्रतिउदाहरणे

मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर आदी नेत्यांना अटक झाली. या आघाताचे महत्त्व नाकारता येत नाही. त्याचप्रमाणे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी संयुक्त संप केला. म्हणजे ऐक्य अशक्य नव्हते; पण ते स्थायी झाले नाही.

चळवळीने संस्कृतीकडे पाठ फिरवली होती, असेही म्हणता येणार नाही. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या शाहिरांचे पोवाडे व लोकनाट्ये पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गाजली. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. परंतु या लढ्याने जागवलेल्या मराठी अस्मितेला वर्गीय आशय कायमचा जोडता आला नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने त्याच अस्मितेला कम्युनिस्टविरोधी दिशा दिली. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक विजयी झाले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. तोही गिरणगावातून.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, चळवळीची मर्यादा तिच्या सामर्थ्याच्या उगमातच होती. ज्या जात-गावाच्या जाळ्याने संप तगवला, त्याच जाळ्याला प्रश्न विचारणे म्हणजे संपाची एकजूट धोक्यात घालणे होते. म्हणून तो प्रश्न पुढे ढकलला गेला. परंतु पुढे ढकललेला प्रश्न सुटत नाही. दुसरी राजकीय शक्ती त्यावर आपली मांडणी उभी करते. कामगाराने मजुरीपुरते युनियनचे नेतृत्व मानले. 'आपला' कोण आणि 'परका' कोण, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याने तिच्याकडे पूर्णपणे सोपवला नाही. चळवळीचे यश केवळ संपाच्या दिवसांत न मोजता दोन संपांमधील काळातही मोजले पाहिजे, हा या इतिहासाचा बोध आहे.