लेकरू डोक्यावर पडलं, सिटी स्कॅन काढायचाच का?

"डॉक्टर, पोरगं ओट्यावरून पडलं. संभाजीनगरला नेऊन सिटी स्कॅन काढू का?" पिशोरमधल्या आईबापांचा हा नेहमीचा प्रश्न. आज त्याचं उत्तर बऱ्यापैकी खात्रीने देता येतं. पण तिथवर यायला डॉक्टरांना अनेक वर्षं लागली.

1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देण्याची पद्धत मांडली. आज हे गुण 3 ते 15 असतात. 13 ते 15 म्हणजे सौम्य इजा. तरी गोंधळ राहिला. 'सौम्य' कशाला म्हणायचं, हे प्रत्येक अभ्यासात वेगळं. मुलं थोडी, पाठपुरावा अर्धवट. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न तज्ज्ञगटाने जुनं संशोधन तपासलं, तेव्हा त्यातलं बरंचसं कच्चं निघालं.

मग 2009 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या 25 रुग्णालयांचा अभ्यास आला. एकच व्याख्या, एकच फॉर्म आणि 42,412 मुलं. जवळपास 35 टक्के मुलांचा स्कॅन झाला होता. गंभीर इजा निघाली फक्त 376 जणांत, म्हणजे शंभरात एकालाही नाही. स्कॅनच्या क्ष-किरणांचा धोका मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणून कोणत्या मुलाला स्कॅन लागत नाही, याचे नियम या अभ्यासाने दिले.

विश्रांतीचंही तसंच. 2015 च्या एका अमेरिकन अभ्यासात पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्या मुलांनी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त त्रास सांगितला.

आपल्याकडे 2013 ते 2015 मध्ये मुंबईचं केईएम आणि सायन, शिवाय दिल्ली, कोलकाता इथल्या मोठ्या रुग्णालयांत सुमारे 16,000 जखमींची शिस्तीने नोंद झाली. पण ती भरती झालेल्यांची. मार लागून घरी परतलेलं खेड्यातलं लेकरू त्यात येत नाही.

तुम्ही काय कराल? वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा डोकेदुखी, झटके, कानानाकातून रक्त वा पाणी, हातपाय लुळे पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर डॉक्टरांना दाखवाच. आणि किती वाजता पडलं, किती उंचीवरून, शुद्ध हरपली का, हे कागदावर लिहून आणा. चांगल्या संशोधनाची सुरुवात अशाच नोंदीतून होते, आणि तुमच्या लेकराच्या उपचाराचीही.