उसने सूर, घरचे गाणे

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ओळखले जाते. तेराव्या शतकात एका शिंप्याच्या घरी जन्मलेल्या या पुरुषाची वाणी पंढरपुरावरून निघाली ती थेट पंजाबात पोहोचली. घुमान येथे त्यांचे स्मारक आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात त्यांच्या नावावर ६१ पदे आहेत. ती पदे पंजाबी भाविक आपल्या पद्धतीने गातात. त्यांच्या चाली बदलल्या म्हणून कोणी मराठी मनुष्य शोक करीत बसला आहे असे आमच्या ऐकिवात नाही. उलट आपले गाणे दूर देशी रुजले याचा आपणांस अभिमान वाटतो. परंतु हाच प्रवास उलट दिशेने झाला, म्हणजे परमुलखातील सूर आपल्या उंबऱ्याशी आला, की आपली भाषा बदलते. मग अभिरुचीचा अधःपात, उसनवारी, नक्कल असे शब्द ऐकू येऊ लागतात. गाण्याच्या जाण्याला दिग्विजय म्हणावयाचे आणि येण्याला भ्रष्टता म्हणावयाचे, हा न्याय कितपत टिकाऊ आहे? गेल्या शतकातील एका मराठी कलावंताच्या चरित्रावरून तो पारखून पाहावा, असे आम्हांस वाटते. हा कलावंत म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, आणि गायक या नात्याने चितळकर.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. गोदेच्या काठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. पुढे पुण्यास गांधर्व महाविद्यालयात पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशी त्यांचे गाण्याचे शिक्षण झाले. गाणाऱ्या नटास मागणी असण्याचा तो काळ. १९३५ च्या 'नागानंद' या बोलपटात तरुण रामचंद्रांस नायकाची भूमिका मिळाली. त्या वाटेने त्यांस यश आले नाही. तेव्हा ते मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियम वाजवू लागले. स्वतंत्र संगीत दिग्दर्शनाची पहिली संधी त्यांस मिळाली ती महाराष्ट्रात नव्हे, तर तामिळ बोलपटांत. नंतर १९४२ साली भगवान पालव यांच्या 'सुखी जीवन'चे संगीत त्यांनी केले, आणि या दोघांची जोडी जमली. त्या दिवसांत या गृहस्थाने इतकी नावे धारण केली की वाचक चकित व्हावा. कोठे राम चितळकर, कोठे अण्णासाहेब, कोठे श्यामू. अखेर संगीतकार म्हणून सी. रामचंद्र आणि गायक म्हणून नुसते चितळकर, ही दोन नावे कायम झाली.

येथवरच्या वृत्तांतात परदेशी असे काहीच नाही. ते कोठून आले हे समजण्यासाठी मुंबईच्या तत्कालीन हॉटेलांकडे वळले पाहिजे. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि त्या सुमारास जॅझ नावाचे संगीत मुंबईकरांच्या कानी प्रत्यक्ष पडू लागले. हे संगीत अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांनी निर्माण केलेले. पाश्चात्य वाद्ये, आफ्रिकी वळणाची लय, आणि ठरलेल्या आराखड्यात राहून आयत्या वेळी सुचेल तसा स्वरविस्तार करण्याची मोकळीक, ही त्याची तीन अंगे होत. यांतील शेवटचे अंग ख्याल ऐकणाऱ्या कानास अगदीच परके वाटू नये.

ते प्रथम आत्मसात केले गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवीत. असे तयार झालेले शेकडो तरुण पोटासाठी मुंबईस येत आणि हॉटेलांतील ताफ्यांत वाजवीत. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ त्यांपैकीच. 'चिक चॉकलेट' या नावाने ते गाजले, आणि त्यांच्या ट्रंपेटमुळे लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात, अशी या वादकांची दुहेरी नोकरी असे. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा रात्रीची मिळकत आटली आणि दिवसाच्या कामाची निकड वाढली.

चित्रपटातील त्यांच्या कामाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती ऐकून गोमंतकीय साहाय्यक प्रत्येक वाद्याचे स्वर कागदावर उतरवी. कोणत्या ओळीनंतर क्लॅरिनेट यावे, व्हायोलिनांनी पाठीमागे कोणता स्वर धरून ठेवावा, हे बहुधा तोच ठरवी. ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव नसे. पडद्यावर आलेच तर 'साहाय्यक' एवढेच. रामचंद्रांच्या कीर्तीत या मंडळींचा मोठा वाटा आहे, आणि तो सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र सांगणे हा अन्याय होय.

१९४७ च्या 'शहनाई'तील रविवारचे गाणे हे या नव्या मिश्रणाचे पहिले गाजलेले फळ. साहेबी थाटाचा एक छैलछबेला देशी स्त्रीस मेजवानीचे आमिष दाखवितो, आणि ती त्यास धर्मभ्रष्ट म्हणून झिडकारते, असा त्यातील प्रसंग. परकी चाल आणि परक्या चालीचा धिक्कार, दोन्ही एकाच गाण्यात! आपल्यावर कोणते आरोप होणार आहेत हे जणू त्या गाण्याने आधीच ओळखले होते. पुरुषाचा आवाज होता खुद्द चितळकरांचा. १९४९ साली 'पतंगा'त रंगूनहून दूरध्वनीवर बायकोशी बोलणाऱ्या नवऱ्याचे गाणे आले. शमशाद बेगम यांच्यासमवेत तेही चितळकरांनीच म्हटले, आणि पडद्यावर ते गोप या विनोदी नटाच्या वाट्यास आले. १९५१ साली 'अलबेला' प्रसिद्ध झाला. गिरणीकामगारांच्या वस्तीतून वर आलेल्या भगवान यांनी तो निर्माण केला, आणि त्यांच्या मुखी आवाज होता चितळकरांचा. चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा या चित्रपटात प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. त्याच चित्रपटात लता मंगेशकरांची एक अंगाई आहे. तिच्यातील संथ गोडव्याकडे पाहता हा सारा दंगा करणारा मनुष्य तोच, यावर विश्वास बसणे कठीण जाते. दोनच वर्षांनी आलेल्या 'अनारकली'त त्यांनी भीमपलासासारख्या रागाच्या आधाराने लताबाईंकडून जी गाणी गाऊन घेतली, त्यांत हॉटेलाचा वाराही नाही.

गायक चितळकरांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण संगीतकाराच्या छायेत हा गायक झाकला गेला. त्यांचा आवाज भारदस्त नव्हता. गळ्यात तान खेळविण्यापेक्षा शब्द बोलल्यासारखा टाकण्याकडे त्यांचा ओढा होता. त्यामुळे गोपचा गोंधळलेला नवरा आणि भगवानचा हूड नाच्या त्यांच्या मुखी शोभून दिसला. परंतु १९५५ च्या 'आझाद'मध्ये दिलीपकुमारसाठी लताबाईंबरोबर त्यांनी जे युगुलगीत म्हटले, ते ऐकणाऱ्यास हा तलत महमूद यांचा आवाज असावा असा भास होतो. इतका तो मवाळ आणि मखमली लागला आहे. पात्र बदलले की आवाजाची जात बदलणे, ही खरी नटाची विद्या. 'नागानंद'मधील नायक अपयशी ठरला, पण तो नट वाया गेला नाही. तो गळ्यात येऊन बसला, असे आम्हांस वाटते.

आता आक्षेपांकडे वळू. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. तेही मराठीच, आणि शास्त्रीय संगीताचे कळकळीचे अभिमानी. सिनेसंगीताने लोकांची रुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी सुई फिरविली आणि सिलोन केंद्र लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला तेथून सुरू झाली. हिंगोली, वसमत, कळमनुरी हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. तेथील शिकलेल्या मंडळींस उर्दू शाळेपासून परिचित, त्यामुळे या गाण्यांचे बोल समजावून सांगण्याची गरजच नव्हती. अखेर सरकारलाही नमते घ्यावे लागले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली. केसकरांचा हेतू शुद्ध होता, आणि त्यांच्या काळात अनेक गुणी गवयांस आकाशवाणीचा आधार मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. चूक हेतूत नव्हती. गाण्याची जात त्याच्या जन्मस्थानावरून ठरते या समजुतीत होती.

कारण तोच निकष लावावयाचा तर आपल्या नाट्यसंगीताचे काय करावयाचे? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी-दिंडीच्या जोडीला त्यांनी कानडी चालीही घेतल्या. १९११ च्या 'मानापमाना'साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरबेकडील ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली योजिल्या. त्या चाली मूळच्या कोणाच्या कोठ्यांवरील, हे प्रेक्षागृहातील सोवळ्या मंडळींस कळले असते तर कित्येकांनी कान झाकले असते. आज तेच नाट्यसंगीत आपण घरचे देवघर म्हणून जपतो. मग काशीच्या गल्लीतून आलेला सूर दोन पिढ्यांत घरचा होतो, तर शिकागोच्या गल्लीतून आलेल्या सुराने काय पाप केले?

याचा अर्थ उसने ते सारेच उत्तम, असा नव्हे. १९५० च्या 'समाधी'तील एक अत्यंत लोकप्रिय गाणे एका अमेरिकन चित्रपटातील गाण्यावर इतके उघड बेतलेले आहे की त्यास रूपांतर म्हणणेही धाडसाचे होईल. तेथे रामचंद्रांनी सूर उसना घेतला आणि तसाच वापरला. परंतु १९५७ च्या 'आशा'मधील 'ईना मीना डीका' या गाण्याची गोष्ट निराळी आहे. आर्मस्ट्राँगने १९२६ च्या सुमारास निरर्थक अक्षरांनी गाण्याची जी तऱ्हा रूढ केली, तिचे हे हिंदी रूप, असे जाणकार म्हणतात. आणि ते खरेच आहे. त्याच्या बोलांत 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोंकणी शब्दही आहेत. रामचंद्रांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी ते घातल्याचे सांगतात. तथापि आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. निरर्थक अक्षरांनी गाण्याची विद्या आपल्याकडे तराण्याच्या रूपाने शतकानुशतके आहे, आणि विनायकबुवा पटवर्धन तर तराण्यासाठीच नावाजलेले. पुण्यात बसून ज्याने गुरुमुखातून तराणा ऐकला, त्यास अमेरिकेची ती तऱ्हा ऐकताच काय वाटले असेल? अनोळखी पाहुणा नव्हे, दूरचा नातलग भेटल्यासारखे. गुरूचा तराणा या गाण्यात जसाच्या तसा उतरला असा आमचा दावा नाही. पण जमीन आधीच नांगरलेली होती, म्हणून परके बी उगवले, हे कसे नाकारता येईल?

उसने आणि पचविलेले यांतील भेद आम्हांस येथे दिसतो. उसने घेतलेले परत करावे लागते. पचविलेले अंगी लागते. तीच हाडे, तेच रक्त होते. म्हणूनच या मनुष्यास २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत चीन-युद्धातील हुतात्म्यांसाठी गाणे सादर करण्याची वेळ आली, तेव्हा वेगळा चेहरा चढवावा लागला नाही. कवी प्रदीप यांचे शब्द, लताबाईंचा आवाज आणि रामचंद्रांची चाल, यांनी पंडित नेहरूंसह सारी सभा गहिवरली. रविवारचे चावट गाणे रचणारा आणि हुतात्म्यांचे गाणे रचणारा हात एकच होता, हे त्या सभेत किती जणांच्या ध्यानी आले असेल कोण जाणे!

पुढील काळ त्यांस अनुकूल राहिला नाही. नवे संगीतकार आले, वाद्यवृंद आणखी मोठे झाले, आणि ज्याने दार उघडले त्यालाच दाराबाहेर उभे राहण्याची पाळी आली. त्यांनी मराठीकडे वळून 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) या चित्रपटांस संगीत दिले, त्यांत भूमिकाही केल्या, आणि 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट त्यांच्या आधीच, १९६७ साली गेले होते.

आपल्या मध्यमवर्गीय घरांनी या कलावंताशी एक विचित्र व्यवहार केला. दिवाणखान्यात त्याची निंदा केली आणि स्वयंपाकघरात त्याची गाणी गुणगुणली. अंगाई आवडली ती 'आपली' म्हणून, ठेका आवडला तो चोरून. हा दुटप्पीपणा आता पुरे झाला. रामचंद्रांची गाणी निवडून, चाळून, कठोरपणे पारखावीत. नक्कल असेल तेथे नक्कल म्हणावे, आणि ज्या गोमंतकीय वादकांनी त्या गाण्यांस अंग दिले त्यांची नावे शोधून लिहावीत. परंतु जे पचलेले आहे त्यास परके म्हणू नये. कोणत्याही घरचे गाणे केवळ घरातल्या घरात जन्मत नाही. ते दारे उघडी असलेल्या घरात जन्मते.